‘शोले’ : चौदाव्या वर्षी पाहताना

डाकू गब्बरसिंग खडकावर पहुडला आहे. त्याच्या हातावरून एक मुंगी चालली आहे. तो सवडीने तिच्याकडे पाहतो आणि तिला चिरडून टाकतो. त्यानंतर रामगढच्या वाटेवरून एक घोडा येतो. त्याच्या पाठीवर गावच्या इमामसाहेबांच्या मुलाचा, अहमदचा निष्प्राण देह आहे. एका कोवळ्या पोराचा खून झाला आणि पडद्यावर आपण मरताना पाहिली ती फक्त मुंगी.

अहमदच्या खुनाचे चित्रीकरण १९ दिवस चालले होते. त्यातला क्रूर भाग सेन्सॉरने काढायला लावला आणि १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’त मुंगी तेवढी राहिली. पण जे राहिले ते पुरेसे होते. जीव घेणाऱ्याला आपण काय करतो आहोत याची जराही क्षिती नाही, ही गोष्ट त्या एका बोटाच्या हालचालीत जितकी कळते तितकी ती लांबलचक मारहाणीतून कळली नसती. चौदा वर्षांच्या मुलालाही ती कळते. माझ्या मते त्याला कळावी अशीच ती आहे.

मारधाडीचा चित्रपट वयात येणाऱ्या मुलांना दाखवावा की नाही, हा प्रश्न आज घराघरात आहे. कायद्याने त्याला आपल्या परीने उत्तर दिले आहे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात सुरुवातीला ‘यू’ आणि ‘ए’ अशी दोनच प्रमाणपत्रे होती : सर्वांसाठी, किंवा फक्त प्रौढांसाठी. मधल्या वयाच्या मुलांची सोय १९८३ मध्ये ‘यूए’ने झाली आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्याचेही ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे पाडले. ही प्रगती स्वागतार्ह आहे. तरीही ‘यूए’चा मूळ अर्थ ‘पालकांच्या मार्गदर्शनाने’ असाच आहे. आकडा सरकार ठरवते, मार्गदर्शन घरच्यांनी करायचे. आणि मार्गदर्शन करायचे तर आधी आपण स्वतः तो चित्रपट नीट पाहिलेला असायला हवा. किती खून झाले, किती रक्त दिसले, शिव्या किती आल्या, याची यादी केली म्हणजे चित्रपट पाहिला असे होत नाही.

माझी कसोटी वेगळी आहे. माणूस पडल्यावर चित्रपट त्याच्यापाशी थांबतो का? जो मेला त्याला चेहरा होता का, घर होते का, त्याची वाट पाहणारे कुणी होते का? आणि जो मारतो त्याच्याबरोबर आपण हसलो असू, तर त्या हसण्याचा जाब चित्रपट आपल्याला विचारतो का? ज्या चित्रपटाकडे या प्रश्नांची उत्तरे आहेत, तो हिंसक असूनही मुलांना माणूस म्हणून मोठे करू शकतो. ‘शोले’ला ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांनी तो लहानपणीच पाहिला. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला. त्याचे संवाद पाठ असणारे लोक ठायी ठायी भेटतात. मात्र त्यातल्या हिंसेची रचना किती विचारपूर्वक केली आहे, याकडे त्या पाठांतरामुळेच दुर्लक्ष झाले आहे.

गब्बरचा प्रवेश घ्या. आधी दिसतात ते खडकावर फिरणारे बूट. हातातला पट्टा दगडावर घासत जातो, त्याचा आवाज येतो. चेहरा बऱ्याच वेळाने दिसतो. समोर खाली माना घालून तीन माणसे उभी आहेत. त्यांतला एक कालिया, म्हणजे आपले विजू खोटे. रामगढमध्ये दोघांकडून मार खाऊन हे तिघे परत आले आहेत. गब्बर रिव्हॉल्व्हरमध्ये किती गोळ्या आहेत ते विचारतो. सहा. तीन तो हवेत उडवतो. तीन घरे रिकामी, तीन भरलेली. चक्र फिरवून तो एकेकाच्या डोक्याला नळी लावतो. पहिला वाचतो. दुसरा वाचतो. कालियाही वाचतो. गब्बर आधी हळू, मग पोट धरून हसू लागतो. वाचलेले तिघे बिचकत त्याच्याबरोबर हसतात, टोळी हसते, डोंगर हसण्याने भरून जातो. थिएटरात प्रेक्षकही हसतो, कारण ताण सुटलेला असतो. आणि त्या हसण्याच्या भरातच उरलेल्या तीन गोळ्या सुटतात.

हे दृश्य मुलांच्या दृष्टीने मला फार मोलाचे वाटते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला टोळीचा मोह कळतो. वर्गात एखाद्या दांडग्या मुलाने दुर्बळाची टर उडवली की बाकीचे हसतात. त्यात भीतीने हसणारेही असतात. सलीम-जावेद यांनी लिहिलेला आणि रमेश सिप्पी यांनी दिग्दर्शित केलेला हा प्रसंग त्या हसण्याचाच प्रसंग आहे. सत्ता ज्याच्या हातात आहे त्याच्या विनोदाला हसल्याने आपण वाचत नाही, हे त्यात कुणी बोलून दाखवत नाही. आपण हसलेलो असतो आणि पुढच्याच क्षणाला घशात आवंढा येतो. त्या आवंढ्यातून मुलाला जे समजते ते दहा सुविचारांतून समजणार नाही. मात्र एक अट आहे : शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाने त्यानंतर गब्बरची नक्कल करून दाखवण्याऐवजी मुलाला विचारायला हवे, की ते तिघे का हसले असतील.

गब्बरला एकदा पकडणाऱ्या पोलीस अधिकारी ठाकूरच्या हवेलीतल्या हत्याकांडाकडे वळू. चित्रपटातला हा सर्वांत भीषण प्रसंग आहे, आणि लहान मुलांना तो दाखवू नये असे मला वाटते तेही याच प्रसंगामुळे. आधी भरलेले, हसतेखेळते घर दिसते. मग पहिली गोळी येते, कुठून ते कळत नाही. ठाकूरचे मुलगे, सून, मुलगी एकामागून एक कोसळतात. कोसळणारा देह क्षणभर पडद्यावर थिजतो. झोपाळ्याच्या कड्यांची करकर ऐकू येत राहते. घोड्यावरून गब्बर येतो. शेवटी उरतो तो ठाकूरचा लहानगा नातू. गब्बर त्याच्यावर बंदूक रोखतो. बार होतो, आणि पडद्यावर आगगाडी येते : सुट्टीवर घरी निघालेला ठाकूर स्टेशनवर उतरतो आहे. सर्जिओ लिओनी यांच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) मध्ये असाच एका कुटुंबाचा संहार आहे आणि त्यातही मुलावर झाडलेल्या गोळीचा आवाज आगगाडीच्या आवाजात मिसळतो. ‘शोले’ने ती युक्ती तिथून घेतली. पण घेऊन जे पुढे केले ते त्याचे स्वतःचे आहे.

पुढे ठाकूर अंगणात येतो. देह पांढऱ्या चादरींनी झाकलेले आहेत. वारा सुटला आहे आणि त्या चादरी फडफडतात. ठाकूर एकेका देहापाशी जातो. संजीवकुमार यांच्या चेहऱ्यावर या वेळी फारसे काही हलत नाही. शेवटची चादर लहान आहे. तिच्याखाली कोण आहे हे आपल्याला आधीपासून ठाऊक असते आणि ठाकूरला आत्ता कळणार असते. तो कळण्याचा क्षण चित्रपट घाईने उरकत नाही. हत्येला जेवढा वेळ दिला, तेवढीच सवड त्यानंतरच्या शोकाला दिली आहे. माणूस पडल्यावर चित्रपट त्याच्यापाशी थांबतो का, या प्रश्नाचे उत्तर या अंगणात मिळते.

याच्या शेजारी आपल्या काळातला एक प्रसंग ठेवून पाहावा. ‘अ‍ॅनिमल’ (२०२३) मध्ये हॉटेलच्या लांब बोळात नायक कुऱ्हाडीने माणसे कापत जातो. हल्लेखोरांच्या तोंडावर मुखवटे आहेत. त्याच हाणामारीत आपले उपेंद्र लिमये प्रचंड बंदूक घेऊन येतात आणि ‘डॉल्बीवाल्या’ हे मराठी गाणे वाजू लागते. प्रसंगाची तांत्रिक सफाई वादातीत आहे आणि लिमये आपल्या वाट्याचे काम झोकात करतात. पण मुखवट्यामागे कोण होते हे आपल्याला कधी कळत नाही, आणि कळावे अशी चित्रपटाची इच्छाही नाही. मेलेल्याला चेहराच नसेल तर त्याच्यापाशी थांबायचे कुणासाठी? त्या चित्रपटाला ‘ए’ प्रमाणपत्र मिळाले ते योग्यच होते. अडचण एवढीच, की थिएटरच्या दारावर वय विचारणारा माणूस घरातल्या पडद्यापाशी नसतो. म्हणून मुखवटा आणि चादर यांतला फरक मुलांना ओळखता यायला हवा. एकात मेलेल्याचा चेहरा झाकला जातो, कारण पुढच्याला मारायचे आहे. दुसऱ्यात झाकलेला चेहरा उघडावा लागतो, कारण तो आपला आहे.

‘शोले’चे संकलन माधव शिंदे यांनी केले. त्या वर्षीचा फिल्मफेअर पुरस्कार ‘शोले’ला मिळाला तो एवढाच, संकलनासाठी. पटकथा, दिग्दर्शन, अभिनय या सगळ्यांना डावलून पुरस्कार संकलनाला गेला, याचे लोकांना आजही आश्चर्य वाटते. हिंसेच्या अंगाने चित्रपट पाहिला तर शिंदे यांच्या कामाचे मोल चांगलेच उमगते. मुंगीवरून घोड्यावर, बंदुकीवरून आगगाडीवर, आणि तलवारींवरून शालीवर : ‘शोले’तले तीन सर्वांत क्रूर घाव पडद्यावर पडतच नाहीत, ते दोन दृश्यांच्या सांध्यात पडतात. कुठे थांबायचे आणि कुठे कापायचे याचे हे भान केवळ तांत्रिक नाही. पाहणाऱ्याच्या मनावर किती ओझे टाकावे, याचा तो निर्णय आहे.

त्यातली शाल आता पाहू. होळीच्या दिवशी गब्बरची टोळी गावावर चाल करून येते. गब्बरला पकडण्यासाठी ठाकूरने आणलेले जय आणि वीरू पेचात सापडतात. ठाकूरच्या पायाशी बंदूक पडली आहे. त्याने ती उचलून फेकली तर सुटका होईल. ठाकूर उचलत नाही. नुसता उभा राहतो. आपल्याला त्याचा राग येतो. भेकड आहे, आपल्यासाठी दुसऱ्यांना मरायला लावतो आहे, असे मनात येते. जय-वीरूलाही तेच वाटते आणि ते त्याला जाब विचारतात. मग ठाकूर आपली कहाणी सांगतो : हत्याकांड, एकट्याने गब्बरवर केलेली चाल, दोन खांबांना बांधलेले हात, गब्बरच्या हातातल्या दोन तलवारी. तलवारी खाली येतात आणि आपण वर्तमानात परततो. वाऱ्याने ठाकूरची शाल घसरते. सदऱ्याच्या दोन्ही बाह्या रिकाम्या आहेत.

इथे हिंसा दाखवण्यापेक्षा मोठे काहीतरी घडले आहे. दहा मिनिटांपूर्वी आपण एका माणसाविषयी जो निवाडा दिला होता तो चुकला होता, आणि आपल्याला काही माहीत नव्हते म्हणून तो चुकला होता. वयात येणारी मुले फार झटपट निवाडे देतात. तो भित्रा, ती आगाऊ, सर पक्षपाती. वय तसेच असते. एक चित्रपट त्यांना असा निवाडा द्यायला लावतो आणि मग शाल बाजूला करतो, ही त्यांच्यासाठी दुर्मीळ गोष्ट आहे. शिवाय हिंसेचा खरा टिकाऊपणाही इथेच कळतो. घाव एका क्षणाचा, पण त्यानंतर त्या माणसाला रोज उठायचे आहे, जेवायचे आहे, आणि त्यासाठी नोकर रामलालचे हात उसने घ्यायचे आहेत. मारधाडीच्या पुष्कळ चित्रपटांत जखम पुढच्या दृश्यात बरी होते. ‘शोले’त ती शालीखाली कायम राहते.

अहमदकडे पुन्हा यायला हवे, कारण तरुण प्रेक्षकाच्या वयाला सर्वांत जवळचा माणूस या कथेत तोच आहे. भूमिका सचिन पिळगावकर यांची. ‘शोले’ प्रदर्शित झाला त्यानंतर दोन दिवसांनी ते अठरा वर्षांचे झाले. म्हणजे हे काम त्यांनी केले तेव्हा ते स्वतः किशोरवयातच होते. अहमदला जबलपूरला बिडी कारखान्यात नोकरी मिळते आहे. आंधळ्या बापाला एकटे टाकून जायला तो तयार नाही. बाप त्याला समजावून धाडतो. घर सोडून कामाला निघालेला मुलगा आपल्याकडच्या कितीतरी कुटुंबांत असतो आणि निघताना त्याचे मन असेच मागे ओढ घेत असते. त्याच वाटेवर तो मारला जातो.

देह गावात येतो तेव्हा कुणी बोलत नाही. आंधळे इमामसाहेब काठी टेकत येतात आणि एवढी शांतता कशाची, असे विचारतात. ए. के. हंगल यांनी विचारलेला तो प्रश्न पुढे थट्टेचा वाक्प्रचार झाला. आज कुठल्याही बैठकीत कुणी गप्प बसले की तो ऐकू येतो. मुलांनी तो तसाच ऐकलेला असतो. म्हणून त्यांनी तो एकदा मूळ जागी ऐकावा असे मला मनापासून वाटते. उत्तर द्यायला कुणी धजत नाही, इमामसाहेब हाताने चाचपडत मुलापर्यंत पोचतात. मग गावकरी घाबरतात. जय-वीरूला गब्बरच्या हवाली करावे, असे म्हणू लागतात. ज्याचा मुलगा गेला तो म्हातारा मात्र त्यांना आवरतो. गावासाठी द्यायला आपल्याला आणखी मुलगे का नाहीत, याची त्याला खंत वाटते. अजान होते आणि तो मशिदीकडे निघतो. एका मुलाच्या खुनानंतर सूड मागण्याचा पहिला हक्क ज्याचा, त्याने इतरांच्या भीतीला धीर दिला. शौर्याची इतकी वेगळी व्याख्या एका मारधाडीच्या चित्रपटात आहे, आणि ती बंदूक कधी हातात न धरलेल्या माणसाच्या तोंडी आहे.

हत्याकांडातून वाचलेली ठाकूरची विधवा सून राधा हिच्या वाट्याला या हिंसेचे दुसरे टोक येते. संध्याकाळी ती हवेलीत दिव्यांपाशी फिरते, जय खाली माउथ ऑर्गन वाजवत बसतो. दिवेलागणीचा नेमका उजेड पकडण्यासाठी या छोट्या दृश्यांचे चित्रीकरण २० दिवस चालले होते. एका बाजूला खुनासाठी १९ दिवस, दुसऱ्या बाजूला मागे राहिलेल्या बाईच्या दिव्यांसाठी २०. दिग्दर्शकाने हिंसा आणि तिची सावली यांना सारखेच महत्त्व दिले, याचा याहून चांगला पुरावा कुठला? नंतर रामलाल जयला सांगतो की लग्नाआधीची राधा अखंड बोलणारी, होळीत रंगणारी मुलगी होती. तेव्हा कळते की त्या दिवशी हवेलीत न मेलेली माणसेही मेली होती. शेवटी जयही जातो. राधा खिडकी लावून घेते. जया भादुरी यांना या भूमिकेत संवाद फार थोडे आहेत, आणि ते थोडे आहेत म्हणूनच राधाच्या मौनाची लांबी मुलांच्याही लक्षात येते.

इथवर ‘शोले’ची थोरवी सांगितली. आता जिथे हा चित्रपट मुलांबरोबर पाहताना मोठ्यांनी सावध राहायला हवे त्या जागाही सांगायला हव्यात, कारण रसग्रहण म्हणजे आंधळे प्रेम नव्हे.

पहिली जागा म्हणजे डाकूंचे मरण. सुरुवातीच्या मालगाडीवरच्या लढाईत (तिचे चित्रीकरण मुंबई-पुणे लोहमार्गावर पनवेलजवळ झाले होते) आणि पुढेही कितीतरी डाकू घोड्यांसकट कोसळतात. त्यांना नाव नाही, त्यांच्या घरी कुणी चादर उघडत नाही. गावकऱ्यांपाशी थांबणारा चित्रपट डाकूंपाशी थांबत नाही. मुखवट्यांविषयी जी तक्रार मी केली ती थोड्या प्रमाणात ‘शोले’लाही लागू पडते आणि ती प्रामाणिकपणे लावायला हवी. पंधरा वर्षांच्या मुलीला विचारून पाहावे, की कालियाच्या घरी कोण असेल? या प्रश्नाचे उत्तर चित्रपटात नाही. पण तो प्रश्न पडण्याइतकी दृष्टी चित्रपटानेच अहमदच्या निमित्ताने दिलेली असते.

दुसरी जागा गब्बर स्वतः. अमजद खान यांनी खलनायक इतका जिवंत केला की तो नायकांपेक्षा लाडका झाला. त्याचे संवाद असलेल्या पॉलिडोरच्या तबकड्या घरोघरी वाजल्या आणि मुलांनी ते तोंडपाठ केले. पुढे ब्रिटानियाच्या ग्लुकोज बिस्किटांच्या जाहिरातीत तोच गब्बर मुलांना बिस्किटे आवडीची करून देऊ लागला. ज्याने लहान मुलावर गोळी झाडली त्याने मुलांचा खाऊ विकावा, ही आपल्या समाजाने स्वतःविषयी दिलेली अस्वस्थ करणारी कबुली आहे. वाईट माणसाचा आवाज, ऐट आणि बिनधास्तपणा तरुण मनाला ओढून घेतो. ते टाळता येणार नाही. पण ओढ वाटणे आणि मान देणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मुलांशी बोलायला गब्बरसारखे निमित्त नाही. आवडता संवाद म्हणून झाला की त्यानंतर लगेच त्या दृश्यात काय घडते, तेही त्यांना सांगायला लावावे.

तिसरी जागा बायकांची. वीरू टांगेवाल्या बसंतीला बंदूक शिकवण्याच्या निमित्ताने अंगचटीला जातो आणि चित्रपट ते गमतीत घेतो. पुढे दारूच्या नशेत पाण्याच्या टाकीवर चढून, लग्न लावून द्या नाहीतर उडी मारतो, अशी धमकी देतो आणि तिच्या मावशीचा होकार मिळवतो. धर्मेंद्र यांचा अभिनय खुमासदार आहे आणि सारे गाव हसते. पण नकार मिळाल्यावर मरणाची धमकी देऊन दबाव आणणे हे प्रेम नाही, ही गोष्ट आजच्या मुलांना स्पष्टपणे सांगावीच लागेल. माझ्या मते किशोरवयीन मुलाला ‘शोले’तल्या गोळ्यांपेक्षा या विनोदाचा धोका अधिक आहे. गोळीला तो भितो, विनोद मात्र सोबत घेऊन जातो. बसंतीला फुटक्या काचांवर नाचवले जाते त्या प्रसंगातही असाच पेच आहे. तिचे रक्ताळलेले पाय पाहून आपल्याला वेदना होतात आणि त्याच वेळी आपण एक गाणे पाहत असतो. हेमामालिनी यांनी त्या नाचात जो स्वाभिमान राखला आहे त्यामुळे तो प्रसंग सावरला जातो, तरी हा पेच बोलून मोकळा करण्यासारखा आहे.

आता शेवट, किंवा शेवट दोन. मूळ चित्रीकरणात खिळे ठोकलेल्या जोड्यांनी ठाकूर गब्बरला ठार करतो. चित्रपट प्रदर्शनाच्या उंबरठ्यावर होता तेव्हा देशात आणीबाणी लागली होती. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घ्यावा, हे सेन्सॉरला मान्य नव्हते. शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. त्यात ऐन वेळी पोलीस येतात, कायद्याची आठवण करून देतात आणि ठाकूर गब्बरला त्यांच्या हवाली करतो. आपण सर्वांनी वर्षानुवर्षे पाहिला तो हाच शेवट. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने चित्रपटाचे जतन-पुनरुज्जीवन करून २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात तो मूळ शेवटासह दाखवला.

मुलांच्या हिताचा कोणता? वरवर पाहता सेन्सॉरचा. कायदा जिंकतो, खून टळतो, उपदेशही होतो. पण तो उपदेश बाहेरून आलेला आहे, जीपमधून उतरून आला आहे. दोन तास ठाकूरच्या मनात जे धुमसत होते त्याचे त्याने काय केले, ते आपल्याला समजत नाही. मूळ शेवटात गब्बर मरतो आणि ठाकूर रडू लागतो. ज्या क्षणासाठी तो जगत होता तो क्षण आला आणि हाताला काही लागले नाही. हात तर नव्हतेच. मुलगे परत आले नाहीत, नातू आला नाही, राधाची खिडकी उघडली नाही. सूड घेऊन झाल्यावर काय उरते, हे तिथे पाहायला मिळते. तो शेवट अधिक रक्तरंजित आहे आणि अधिक खराही. दहा वर्षांच्या मुलाला त्यातले फक्त मारणे दिसेल. सोळा वर्षांच्या मुलाला ते रडणे दिसेल, आणि त्याने ते पाहावे असे मला ठामपणे वाटते. कायदा का हवा, हे पोलिसाच्या वाक्यापेक्षा ठाकूरच्या त्या अश्रूंनी त्याला अधिक पटेल.

तेव्हा माझा निर्णय असा. दहा-अकरा वर्षांपर्यंत ‘शोले’ नको. हवेलीतला प्रसंग त्या वयाला पेलणारा नाही, आणि आपण लहानपणी पाहिला म्हणून आपल्या मुलांनीही पाहावा हे कारण पुरेसे नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी जरूर दाखवावा, पण मोठ्या माणसाने शेजारी बसून, अखंड, मोबाइल बाजूला ठेवून. तुकड्यातुकड्यांनी, गाजलेले प्रसंग निवडून दाखवू नये, कारण या चित्रपटाची नीती तुकड्यांत नाही, सांध्यांत आहे : गब्बरच्या हसण्यानंतर गोळी, मुंगीनंतर घोडा, तलवारीनंतर शाल. नुसते हसणे, नुसती तलवार उचलून घेतली तर हातात हिंसा उरते आणि तिची किंमत गळून जाते. मोबाइलवर फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींनी मारधाडीच्या चित्रपटांचे नेमके हेच केले आहे. मूळ शेवटाची प्रत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी राखून ठेवावी आणि ती पाहून झाल्यावर दोन्ही शेवटांची तुलना त्यांच्याकडूनच करून घ्यावी.

मुलांना हिंसेपासून कायमचे दूर ठेवणे आपल्या हातात नाही. बातम्यांत, खेळांत, रस्त्यावर ती त्यांना भेटणारच आहे. आपल्या हातात आहे ते एवढेच, की पडलेल्या माणसाकडे पाहायची सवय त्यांना लागावी. ‘शोले’ ती सवय लावू शकतो, कारण त्याच्या कर्त्यांनी मरणाची किंमत मोजायला वेळ दिला. कोणताही नवा मारधाडीचा चित्रपट घरात आला की तो किती हिंसक आहे हे विचारण्याआधी, तो मेलेल्यांपाशी किती थांबतो हे आपण पाहावे. आणि तो थांबत नसेल, तर निदान आपण मुलांबरोबर थांबावे.